बारा पडद्यांचे चक्रवाढ व्याज

नगरच्या कापड बाजारातील आमच्या वडिलांचे दुकान आज मोठे बंधू आणि पुतण्या चालवतात. मी घरातला धाकटा. एम.कॉम. झालो, बँकेत लागलो आणि छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर वयाच्या साठाव्या वर्षी नियमाप्रमाणे निवृत्त झालो. दुकानदाराला निवृत्तीची तारीख नसते. बँक अधिकाऱ्याला ती रुजू झाल्या दिवसापासून ठाऊक असते. तरीही तो दिवस उजाडला तेव्हा माझी काहीच तयारी झालेली नव्हती. पहिली दोन वर्षे वर्तमानपत्र, औषधांच्या वेळा आणि इतरांच्या मुदत ठेवींविषयी न विचारलेला सल्ला देणे, यांतच गेली.

बासष्टाव्या वर्षी मी गिटार शिकू लागलो. त्याला आता तीन वर्षे झाली. मी मोठा वादक झालो, असे सांगण्यासाठी हा लेख नाही; मी आजही साधाच वाजवतो. परंतु व्यापारी घराण्यांतील माझ्या वयाच्या बंधुभगिनींना काही अनुभव सांगावेत, असे वाटले. आपल्या घरांत ‘आता या वयात कशाला?’ हा प्रश्न फार लवकर विचारला जातो, आणि बहुधा आपणच तो स्वतःला विचारतो.

जुने येणे

ही इच्छा मात्र जुनी होती. १९७३ साली ‘यादों की बारात’ चित्रपट आला, तेव्हा मी शाळेत होतो. त्यातील एका गाण्याच्या आरंभी पेल्याची किणकिण होते आणि पाठोपाठ गिटार येते. शेजारच्या रेडिओवर ते सुरू झाले की मी गृहपाठ सोडून खिडकीत जात असे. पुढे पुण्याला शिकायला गेलो. वसतिगृहात माझ्या खोलीत गोव्याचा एक मुलगा होता, त्याच्याकडे गिटार होती. ती हाताळायला मिळाली आणि आपल्यालाही एक असावी, असे वाटू लागले. सुट्टीत वडिलांकडे पैसे मागितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “आधी पायावर उभा राहा, मग हवे ते वाजव.”

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण पायावर उभे राहण्यात चाळीस वर्षे निघून गेली. वडील गेले, मुलांची लग्ने झाली, आणि वसूल न झालेले ते येणे माझ्या खातेवहीत तसेच पडून राहिले. बँकेच्या भाषेत त्याला अनुत्पादक मालमत्ता म्हणतात. अशी खाती निर्लेखित करावीत, असाच सल्ला मी आयुष्यभर दिला होता.

दोष कोणाचा?

मोठ्या शहरातील एका दुकानातून मी आठ हजार रुपयांची गिटार आणली. पहिल्या आठवड्यातच कळून चुकले की माझ्या बोटांना तार दाबता येत नाही. तार पोलादाची, बोटे आयुष्यभर लेखणी धरलेली. जोर लावला की वेदना होत. जोर कमी केला की स्वराऐवजी खरखर ऐकू येई. वय झाले, असा निष्कर्ष काढून मी गिटार कपाटावर ठेवली.

महिन्याभराने वाद्ये दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर भेटले. त्यांनी गिटार हातात घेतली आणि बाराव्या पडद्यावर छोटी पट्टी लावून तार किती उंच आहे ते मोजले. उंची चार मिलिमीटर भरली. ती जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आत असायला हवी. त्यांनी घोडीतील पट्टी घासून कमी केली, बारीक तारांचा संच चढवला आणि गिटार माझ्या हाती दिली. तीच गिटार, तीच बोटे. पण स्वर उमटला. मी महिनाभर स्वतःच्या वयाला दोष देत होतो आणि चूक वाद्याच्या जुळणीत होती.

उतारवयात गिटार घेणाऱ्याने म्हणूनच प्रथम ही उंची तपासून घ्यावी. तारा सर्वांत बारीक घ्याव्यात, किंवा नायलॉनच्या तारांची गिटार घ्यावी. त्या बोटांना मऊ लागतात. वाद्याचा देह लहान असला तर खांदा अवघडत नाही. आणखी एक गोष्ट अशी की, पोलादी तारांचा नेहमीचा संच पूर्ण सुरात लावला की सहा तारांचा मिळून ताण सुमारे सत्तर किलो वजनाइतका होतो. तो ताण पातळ लाकडाची पेटी रात्रंदिवस सोसत असते. पावसाळ्यात हवेतील ओलाव्याने लाकूड फुगते आणि तारा पुन्हा उंच होतात. उन्हाळ्यात ते सुकते. म्हणून गिटार भिंतीला टांगून न ठेवता पेटीत ठेवावी आणि पावसाळ्यात आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकाव्यात.

सौभाग्यवतींचा प्रश्न मात्र वेगळा होता. “यात हाड-कातडे काही नाही ना?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले. आपल्या वाचकांच्या घरीही तो विचारला जाईल, म्हणून मिळालेली माहिती देतो. पूर्वी गिटारच्या तारा मेंढ्यांच्या आतड्यांपासून करीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी आतड्याच्या धाग्याची गरज वाढली आणि तारा मिळेनाशा झाल्या. तेव्हा न्यूयॉर्कचे वाद्यकारागीर अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा तयार केल्या. विख्यात स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या स्वीकारल्या आणि पाहता पाहता आतड्याच्या तारा मागे पडल्या. तार पोलादाची वा नायलॉनची असल्यास ती चिंता उरत नाही. परंतु तारा ज्यांवर टेकतात त्या दोन पट्ट्या पुष्कळ गिटारींत हाडाच्या असतात, काहींच्या दांडीवर शिंपल्याची नक्षी असते आणि काही पारंपरिक कारागीर कातड्यापासून केलेला सरस वापरतात. विकत घेताना स्पष्ट विचारावे. माझ्या गिटारीतील दोन्ही पट्ट्या त्या कारागिरांनी कृत्रिम द्रव्याच्या बसवून दिल्या. स्वरात मला तरी फरक जाणवला नाही.

दांडीवरची खातेवही

आता जे सांगायचे आहे ते व्यापारी वाचकांना विशेष आवडेल.

गिटारच्या दांडीवर धातूचे आडवे पडदे बसवलेले असतात. वरच्या टोकाशी ते दूर दूर आणि पेटीकडे येताना जवळ जवळ होत जातात. ही अंतरे कोणत्या हिशेबाने ठरत असावीत, असा प्रश्न मला पडला. जुन्या सवयीने मोजपट्टी आणि गणकयंत्र घेऊन बसलो. माझ्या गिटारीत तारेची लांबी ६५० मिलिमीटर आहे. पहिला पडदा ३६.५ मिलिमीटरवर, म्हणजे एकूण लांबीच्या ५.६१ टक्क्यांवर. दुसरा पडदा उरलेल्या लांबीच्या ५.६१ टक्क्यांवर. तिसरा पुन्हा उरलेल्याच्या तेवढ्याच टक्क्यांवर. वाचकहो, ही तर घटत्या शिल्लक पद्धतीची घसारा आकारणी! दर वर्षी यंत्राच्या पुस्तकी किमतीतून आपण जसा ठरावीक टक्के घसारा वजा करतो, अगदी तसेच. बाराव्या पडद्याशी पोहोचलो की उरते ३२५ मिलिमीटर, बरोबर निम्मी तार.

आता याच व्यवहाराची दुसरी बाजू पाहा. तार आखूड होते तसा स्वर चढतो. पाचवी तार मोकळी छेडली की ती सेकंदाला ११० वेळा कंप पावते. पहिल्या पडद्यावर हीच कंपने साधारण ११६.५ होतात, वाढ ५.९५ टक्के. पुढच्या पडद्यावर या वाढीव रकमेवर पुन्हा ५.९५ टक्के. हे सरळ चक्रवाढ व्याज झाले. बाराव्या पडद्यावर कंपने होतात २२०, म्हणजे मुद्दल दुप्पट. आपले वडीलधारे सांगत असत की ७२ ला व्याजदराने भागले की रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल ते कळते. ७२ भागिले ६ म्हणजे १२. गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाला तोंडपाठ असलेला हा नियम गिटारच्या दांडीवर पडद्यापडद्याने कोरलेला असतो!

त्या दिवशी मी ते आकडे वहीत लिहून काढले आणि बराच वेळ पाहत बसलो. लांबीच्या खात्यात दरसाल घसारा आणि स्वराच्या खात्यात दरसाल वाढ. दोन्ही नोंदी एकाच तारेच्या. उरलेली तार आखूड झाल्यावाचून स्वर चढतच नाही. साठी ओलांडलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

अकरा जणांचा गट

शिकवणी आठवड्यातून एकदा, दूरध्वनीच्या पडद्यावर असते. आमचे गुरुजी माझ्या मुलापेक्षाही लहान आहेत. शिकणारे आम्ही अकरा जण, वय अठ्ठावन्न ते चौऱ्याहत्तर. सांगलीचे हळदीचे एक व्यापारी, बेळगावचे निवृत्त प्राध्यापक, इंदूरच्या निवृत्त शिक्षिका, मस्कतला मुलाकडे राहणारे एक अभियंता. प्रत्यक्ष कोणी कोणाला भेटलेले नाही. सर्वांनी एकत्र वाजवायचे ठरवले तर जमत नाही, कारण आवाज प्रत्येकाकडे क्षणभर उशिरा पोहोचतो आणि ताल विस्कटतो. म्हणून सर्वांनी आपापला आवाज बंद करून गुरुजींच्या तालावर वाजवायचे आणि मग एकेकाने ऐकवायचे, अशी पद्धत आहे.

दर रविवारी प्रत्येकाने एक मिनिटाचे ध्वनिमुद्रण गटात पाठवायचे असते. त्यावर ‘वा, छान’ एवढेच लिहायला मनाई आहे. एक चांगली गोष्ट आणि एक सुधारायची गोष्ट, दोन्ही सांगावी लागतात. पहिल्या रविवारी सांगलीच्या व्यापारी बंधूंनी मला लिहिले, “आपला स्वर स्वच्छ आहे, मात्र आपण अवघड जागी थांबता आणि सोप्या जागी पळता.” शाखा व्यवस्थापक झाल्यानंतर माझी चूक मला कोणी तोंडावर दाखवली नव्हती. मी रात्री दोनदा ते वाचले. सकाळी मुद्रण पुन्हा ऐकले. त्यांचे म्हणणे खरे होते.

आरंभ दोन बोटांनी होतो. मधले बोट आणि अनामिका दुसऱ्या पडद्यावर शेजारच्या दोन तारांवर ठेवली आणि सहाही तारा छेडल्या की ‘ई मायनर’ नावाचा स्वरमेळ उमटतो. अवघड असते ते एका स्वरमेळातून दुसऱ्यात जाणे. त्यासाठी गुरुजींनी एक साधा अभ्यास दिला: घड्याळ लावायचे, एका मिनिटात किती वेळा बदल जमतो ते मोजायचे आणि लिहून ठेवायचे. मी त्याची वहीच घातली. पहिल्या दिवशी सात. महिन्याअखेर बावीस. तिसऱ्या महिन्यात एकेचाळीस. रोजचा सराव फक्त पंधरा मिनिटे, सकाळ-संध्याकाळ. या काळात डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर घट्टे आले आणि तार बोचेनाशी झाली.

सहा आठवड्यांची बंदी

इथवर सर्व सुरळीत चालले होते. मग बंधूंच्या नातीचे लग्न ठरले आणि घरच्या संगीताच्या कार्यक्रमात आपणही वाजवावे, असे माझ्या मनाने घेतले. पंधरा मिनिटांची मी परस्पर दोन तासांवर नेली. तीन आठवड्यांनी सकाळी उठलो तर डाव्या हाताची अनामिका मिटलेली. उजव्या हाताने ओढली तेव्हा कट्ट आवाज होऊन उघडली. डॉक्टरांनी त्याला ट्रिगर फिंगर म्हणतात, असे सांगितले. बोट वाकवणारी दोरी ज्या नळीतून सरकते तिथे सूज येते आणि दोरी अडकते. मला मधुमेह आहे, आणि मधुमेहींमध्ये हा विकार अधिक आढळतो. त्यांनी डाव्या हाताने काहीही दाबायला सहा आठवडे बंदी घातली.

मी गिटार पुन्हा कपाटावर ठेवली. गटात काही कळवले नाही. दोन रविवार माझे मुद्रण गेले नाही. बंधू म्हणाले, “बरे झाले, सुटलास. यातून मिळणार होते तरी काय?” मला उत्तर सुचले नाही. खरे तर मलाही तेच वाटू लागले होते. वडिलांनी तेव्हा ‘नंतर’ म्हटले, आणि ते नंतर आले तेव्हा बोट उरले नाही, अशी माझी मनाची समजूत झाली.

तिसऱ्या रविवारी इंदूरच्या भगिनींचा फोन आला. त्या एकाहत्तर वर्षांच्या, दोन्ही हातांना संधिवात. चार बोटांचे स्वरमेळ त्या दोन बोटांत बसवतात आणि दांडीवर कॅपो नावाचा चिमटा लावून स्वर हवा तिथे आणतात. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “भाऊ, उजवा हात मोकळा आहे ना?”

उजवा हात मोकळाच होता. सहा आठवडे मी केवळ मोकळ्या तारा छेडल्या. अंगठा जाड तारांवर, पुढची तीन बोटे बारीक तीन तारांवर, आणि समोर मिनिटाला साठ ठोके देणारे तालयंत्र. डाव्या हाताला काही काम नसल्यामुळे लक्ष प्रथमच तालावर गेले. सांगलीकरांनी दाखवलेली चूक तिथेच होती. मी ती डाव्या हातात शोधत होतो. सूज उतरल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने डावा हात हळूहळू आणला. त्या रविवारच्या मुद्रणावर सांगलीकरांनी लिहिले, “आता आपण थांबत नाही.” छत्तीस वर्षांत मिळालेल्या कोणत्याही प्रशस्तिपत्रापेक्षा त्या चार शब्दांनी मला अधिक समाधान दिले. लग्नात अर्थातच मी वाजवले नाही. मांडवात बसून टाळ्या वाजवल्या, त्या मात्र तालात.

दुसरा कालखंड

आजच्या शास्त्रीय गिटारला तिचे रूप देणारे स्पॅनिश कारागीर अंतोनिओ दे तोरेस यांचा जन्म १८१७ सालचा. सेव्हिलमध्ये त्यांनी उत्तमोत्तम गिटारी घडवल्या. पुढे पन्नाशी उलटल्यावर ते काम थांबवून ते आपल्या गावी, आल्मेरियाला परतले आणि त्यांनी चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान काढले. काही वर्षांनी, साठीच्या उंबरठ्यावर असताना, दुकान सांभाळून त्यांनी पुन्हा गिटारी करायला घेतल्या. त्या गिटारींच्या आत ते चिठ्ठी चिकटवीत आणि तिच्यावर ‘दुसरा कालखंड’ असा उल्लेख करीत. १८९२ मध्ये निधन होईपर्यंत हे काम चालू होते. दुकानदाराने दुकान न सोडता आरंभलेला हा दुसरा कालखंड आपल्या व्यापारी वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावा.

आपल्याकडेही पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी मांडीवर आडवी ठेवलेली गिटार रागसंगीतात रुजवली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत त्यांनी केलेले ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हे १९६७ चे ध्वनिमुद्रण आजही ऐकले जाते. म्हणून हे वाद्य ‘आपले’ नाही, ही शंकाही मनात आणू नये.

आरंभ करणाऱ्यांना थोडक्यात इतकेच सांगेन. पंधरा मिनिटे ठरवावीत आणि ती वाढवू नयेत. बोट दुखले तर थांबावे. घट्ट्याची जळजळ आणि सांध्याची वेदना यांतला फरक ओळखावा. मधुमेह वा संधिवात असल्यास डॉक्टरांना आधी विचारावे. आणि एकट्याने शिकू नये. चूक दाखवणारी आणि न आल्यास चौकशी करणारी चार माणसे असावीत, मग ती शेजारी असोत वा शेकडो मैलांवर.

गेल्या महिन्यात दुकान बंद करून बंधू घरी आले. अडुसष्ट वय, पण गल्ला मोजल्याशिवाय अजून झोप येत नाही. मी सराव करीत होतो. थोडा वेळ उभे राहिले, मग खुर्ची ओढून बसले.

“ते दोन बोटांचे काय ते दाखव बघू.”

मी गिटार त्यांच्या मांडीवर दिली, बोटे जागेवर ठेवली. त्यांनी अंगठ्याने सहाही तारांवरून हात फिरवला. स्वरमेळ उमटला, दोन तारा खरखरल्या, चार स्वच्छ वाजल्या. त्यांनी पुन्हा छेडल्या. मग बोटाचे टोक डोळ्यांजवळ नेऊन त्यावर उमटलेली तारेची खूण पाहिली.

“हे किती दिवस दुखते?”

“तीन-चार आठवडे.”

“एवढी उधारी तर आपण गिऱ्हाइकालाही देतो,” ते म्हणाले आणि बोट पुन्हा तारेवर ठेवले.